घोड्याची चाल, मुलाची पाठ

‘घोड्यावर बसवले की आमचे मूल चालायला लागेल का?’ गेल्या सहा वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा आहे. विचारणारे बहुतेक आईबाप असतात, आणि त्यांच्या हातात कुठल्या तरी केंद्राचे रंगीत पत्रक असते. मी डॉक्टर नाही, पशुवैद्यही नाही. भीमथडी तट्टांचा इतिहास शोधत धनगरांच्या वाड्यांमागून हिंडलेला आणि त्या नादात घोड्याविषयी हाती लागेल ते वाचत गेलेला माणूस आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर देता येते. घोडा मुलाला चालायला शिकवत नाही. चालण्याआधी शरीराला जे जमावे लागते, त्याचा सराव तो देऊ शकतो. तोही घोडा, जागा आणि शेजारची माणसे योग्य असतील तरच. आपल्याकडे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी असे प्रादेशिक केंद्र उभे करायचे, तर काय काय लागेल याचा हिशेब मी या लेखात मांडतो आहे.

पत्रकांमध्ये हिपोक्रेटिसचे नाव हमखास असते. ‘हिपोथेरपी’ हा शब्द त्याच्यावरून आला असा अनेकांचा समज आहे. वास्तविक ग्रीक भाषेत ‘हिपोस’ म्हणजे घोडा, आणि गंमत अशी की त्या वैद्यराजांच्या नावातही तोच घोडा आहे. दुसरे हमखास नाव डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे. १९४४ साली, गरोदर असताना, त्यांना पोलिओ झाला. आठ वर्षांनी, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, त्यांनी ड्रेसाज या अश्वकौशल्याच्या प्रकारात रौप्यपदक जिंकले. स्त्रियांना त्या प्रकारात पुरुषांबरोबर उतरता आले ते त्याच वर्षी पहिल्यांदा. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळवले. ही कथा खरी आहे, मोठीही आहे. मात्र पत्रकांतून तिचा अर्धा भाग गळतो. गुडघ्याखालचे त्यांचे पाय अखेरपर्यंत लुळेच राहिले. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना मदत लागे. शिवाय आजारापूर्वीच त्या आपल्या देशातल्या अव्वल घोडेस्वारांपैकी एक होत्या. घोड्याने त्यांना बरे केले नाही. लुळ्या पायांनीही काय करता येते, हे जगाला दिसले, आणि त्यातून युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीच्या संस्था निघू लागल्या. ब्रिटनची राष्ट्रीय संघटना आणि अमेरिकेची संघटना, दोन्ही १९६९च्या.

आता यातले शास्त्र. घोड्याच्या साध्या चालीत चार पाय एकामागून एक, चार ठोक्यांत पडतात. त्या प्रत्येक पावलागणिक त्याची पाठ पुढे-मागे सरकते, डावी-उजवीकडे झुकते आणि किंचित वळते. पाठीवर बसलेल्याच्या कमरेच्या हाडाला, म्हणजे श्रोणीला, हीच तिहेरी हालचाल मिळते. आपण जमिनीवर चालतो तेव्हाही आपली श्रोणी याच तीन दिशांनी हलते. ज्या मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे कधीच चालता आलेले नाही, त्याच्या धडाला चालण्याची ही लय एरवी कुठून मिळणार? व्हीलचेअर ती देत नाही, आईची कडेवरची उचलही देत नाही. घोडा मात्र अर्ध्या तासात शेकडो वेळा ती देतो, आणि प्रत्येक वेळी मुलाच्या पाठीच्या, पोटाच्या स्नायूंना तोल पुन्हा सावरावा लागतो. घोड्याचे अंग माणसापेक्षा साधारण एका अंशाने उबदार असते. म्हणून खोगिराऐवजी नुसती जाड गादी घालतात, म्हणजे ऊब आणि हालचाल दोन्ही थेट पोचतात. ताठरलेल्या मांड्या त्या उबेत काही वेळ सैलावतात, असा उपचारतज्ज्ञांचा अनुभव आहे.

पण नुसते बसवून गोल गोल फिरवणे म्हणजे उपचार नव्हे. तज्ज्ञ घोड्याला थांबवतो, पुन्हा चालवतो; पाऊल लांब टाकायला लावतो, आखूड करायला लावतो; आठाच्या आकड्यात वळवतो; मुलाला कधी आडवे, कधी शेपटीकडे तोंड करून बसवतो. प्रत्येक बदल म्हणजे मुलाच्या तोलाला घातलेले एक वेगळे कोडे. वाचेची अडचण असेल तर घोडा धरणारा माणूस मुलाच्या तोंडून ‘चल’ यायची वाट पाहतो. ‘च’ एवढा जरी उच्चार आला तरी घोडा निघतो. आपल्या आवाजाने तीनशे किलोचा प्राणी हलला, हे त्या मुलाला कळते तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्याचे वर्णन करण्याच्या फंदात मी पडत नाही.

इथे एक भेद समजून घ्यायला हवा. पहिला प्रकार हिपोथेरपीचा. त्यात भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा वाचोपचारतज्ज्ञ घोड्याच्या हालचालीचा एक साधन म्हणून वापर करतो. मूल घोडा हाकत नाही. दुसरा प्रकार उपचारात्मक घोडेस्वारीचा. त्यात प्रशिक्षक मुलाला जमेल तेवढी स्वारी शिकवतो. लगाम धरणे, वळवणे, घोड्याला खरारा करणे हेही त्यात येते. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकाच्या पाटीखाली दुसरे खपवले जाते तेव्हा पालकांची फसवणूक होते.

संशोधनाचे निष्कर्ष या भेदाशिवाय नीट वाचताच येत नाहीत. ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सी असलेल्या ९९ मुलांवर झालेली एक चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. काही मुलांना दहा आठवडे उपचारात्मक घोडेस्वारी दिली, बाकीच्यांना नाही. मोठ्या हालचालींच्या क्षमतेत दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. २०१५ साली कोरियातून आलेल्या चाचणीत ९२ मुले होती. तिथे हिपोथेरपी होती, अर्ध्या तासाची, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. आणि त्या गटाची क्षमता तुलनेच्या गटापेक्षा वाढलेली आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत स्वमग्न मुलांवर मोठी चाचणी झाली. १२७ मुले निवडली होती. एका गटाला दहा आठवडे घोडेस्वारी दिली. दुसऱ्या गटालाही तबेल्याशी संबंधित उपक्रमच दिले, पण खऱ्या घोड्याशी संपर्क येऊ दिला नाही. घोडेस्वारीच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता पाचव्या आठवड्यापासूनच कमी दिसू लागली. सामाजिक संवादातही सुधारणा दिसली. मला या तिसऱ्या चाचणीची रचना फार शहाणपणाची वाटते. सहल, मोकळी हवा, नवी माणसे, मायेचे लक्ष, या सगळ्याचा परिणाम बाजूला काढून उरलेला वाटा घोड्याच्या नावावर टाकायचा, असा तो हिशेब आहे.

तीन चाचण्यांवरून छातीठोक विधाने करू नयेत. तरी मला त्यांतून दिसते ते असे, की तज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा, आणि कोणत्या अडचणीसाठी, या तीन गोष्टींवर फळ अवलंबून आहे. केंद्र उभारताना हेच आधी ठरवायचे असते. आपल्याकडे मात्र पहिली चर्चा घोडे कुठून आणायचे याची असते.

तर घोड्यांकडेच वळू. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे कौतुक होते ते उंचीचे, रंगाचे, कानांच्या कमानीचे; ताशावर नाचणाऱ्या घोड्याचे; आणि रेवाल चालीचे. रेवाल म्हणजे अशी वेगवान, घोटीव चाल की स्वाराच्या पोटातले पाणी हलू नये. या शेवटच्या गोष्टीवर मी बराच विचार केला आहे. घोड्याची हालचाल स्वारापर्यंत पोचू नये यासाठी बाजार पैसे मोजतो, आणि आपल्याला तर ती पोचलेली हवी आहे! केंद्राला लागतो तो साध्या चालीचा, सरळ पाय टाकणारा, कुठल्याच बाजूला न लंगडणारा घोडा. पाय वाकडा पडला तर तोच वाकडेपणा मुलाच्या पाठीत उतरतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासणारा चांगला नालबंद हा अशा केंद्रातला निम्मा वैद्य समजावा.

शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे स्वस्तात मिळतात, ते का घेऊ नयेत, असेही विचारले जाते. ते पळण्यासाठी निपजवलेले असतात, दचकतात, आणि उंच असतात. सत्रात मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस चालतो आणि मुलाच्या मांडीवर, कमरेवर हाताचा आधार ठेवतो. उंच घोड्यामागे अर्धा तास हात वर धरून चालून पाहा. दहाव्या मिनिटाला खांदा भरून येतो. ज्या हाताने मूल सावरायचे तो थकलेला असून चालत नाही.

माझे मत भीमथडी तट्टांच्या बाजूने आहे, आणि त्यात माझा पक्षपात आहे हे वाचकांनी गृहीत धरावे. आपल्या राज्यगीतात ज्यांचे नाव येते तीच ही तट्टे. मराठी फौजांनी त्यांच्या पाठीवर मुलूख पालथा घातला. अलीकडे त्यांना स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही मिळाली. आज ती मुख्यत्वे फिरत्या मेंढपाळ धनगरांकडे उरली आहेत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कितीतरी वाडे घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागलेले असतील. एका तट्टावर अंथरुणे, भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, आणि या सगळ्यावर एखादे रांगते मूल. असे ओझे घेऊन ते तट्टू डांबरी रस्त्याने, शेजारून ट्रक जात असताना, मान खाली घालून चालते. मी अशा वाड्यांबरोबर चाललो आहे. भांडे निसटून पायाशी आदळले तरी न बिथरणारे तट्टू मी पाहिले. उपचारकेंद्राला घोड्याच्या स्वभावात जे हवे असते, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या आपोआप निवडले गेले आहे. जे बिथरते ते तट्टू धनगर ठेवीत नाही.

त्याच्या मर्यादाही आहेत. स्वार आणि सामान मिळून भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. अडीचशे किलोच्या तट्टावर म्हणजे जास्तीत जास्त पन्नास किलो. मी तर चाळीसलाच थांबेन. थोराड मुलांसाठी मोठा घोडा लागेलच. ओझ्याने पाठ धरलेले, जखमांचे वण असलेले तट्टू घ्यायचे नाही. आणि वाड्यावरची एक रीत केंद्रात कधीही आणायची नाही. वाड्यावर मूल सामानाला बांधलेले असते. केंद्रात कोणत्याही मुलाला घोड्याला किंवा गादीला बांधायचे नाही. घोडा अडखळून पडला तर मूल सुटे झाले पाहिजे. बांधणीऐवजी दोन माणसांचे हात, एवढाच त्याला पर्याय आहे.

एका सत्राला त्यामुळे चार माणसे लागतात. एक घोडा धरणारा, दोन बाजूचे, एक तज्ज्ञ. तीन घोडे असतील आणि प्रत्येकाला दिवसाला अर्ध्या अर्ध्या तासाची चारच सत्रे द्यायची असतील, तर आठवड्याच्या पाच दिवसांत साठ सत्रे होतात. एका मुलाला आठवड्यातून दोनदा यायचे, म्हणजे तीन घोड्यांचे केंद्र एका वेळी फक्त तीस मुलांचे. हा आकडा मी जिथे जिथे सांगितला तिथे ऐकणाऱ्यांचा चेहरा उतरला. एका कार्यकर्त्यांनी तर ‘मग घोड्यांना आठ सत्रे द्या’ असे सुचवले. थकलेला घोडा पाय ओढतो, कान मागे टाकतो, शेपूट झटकतो. त्या दिवशी तो चावला नाही तर तो त्याचा मोठेपणा. तीस तर तीस. पण त्या तिसांची निवड, नोंद आणि मोजणी चोख हवी. सुरुवातीला क्षमता मोजायची, बारा आठवड्यांनी पुन्हा मोजायची, आणि फरक नसेल तर पालकांना तसे सांगून ती जागा पुढच्या मुलाला द्यायची. हे सांगणे जड जाते हे मला ठाऊक आहे.

या चार माणसांत सर्वांत दुर्लक्षित असतो तो घोडा धरणारा मोतद्दार. घोडा बिघडणार आहे हे त्याला दोन क्षण आधी कळते, आणि सगळी सुरक्षितता त्या दोन क्षणांत असते. आपल्याकडे ही माणसे आहेत. माथेरानच्या लाल मातीत, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी, पाचगणीच्या पठारावर शेकडो घोडेवाल्यांचे पोट या जनावरांवर आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या तेव्हा असेच कसब रस्त्यावर आले. देशातले घोडे आणि तट्टे २०१२च्या पशुगणनेत सहा लाखांहून अधिक होती, २०१९मध्ये साडेतीन लाखांच्या आत आली. घोडा जातो तेव्हा त्याला वाचणारी नजरही जाते. शिकलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाला काही महिन्यांत घोड्याची ओळख करून देता येईल, पण अशी नजर असलेला मोतद्दार कुठल्या अभ्यासक्रमातून काढणार? म्हणून त्याला पगार, विमा आणि ‘हा घोडा आज काम करणार नाही’ असे म्हणण्याचा अंतिम अधिकार असला पाहिजे. तज्ज्ञाने तो मानला पाहिजे.

आता ज्यांना घोड्यावर बसवूच नये अशा मुलांविषयी. माझ्या परिचयातल्या एका वाहनचालक गृहस्थांनी मुलासाठी एका खासगी ठिकाणी चाळीस सत्रांचे पैसे आगाऊ भरले. तिथे कोणीही एक्स-रे मागितला नाही. काही आठवड्यांनी मांडीत कळा येऊ लागल्या, तेव्हा अस्थितज्ज्ञांकडे गेल्यावर खुब्याचा सांधा सरकलेला निघाला. तो आधीच सरकत आला असणार. सेरेब्रल पाल्सीत हे वारंवार होते. पण मांड्या फाकवून बसवण्यापूर्वी तो तपासायलाच हवा होता. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. डॉक्टरांनी मान तपासून दिल्याशिवाय अशा मुलाला चढवू नये. आटोक्यात नसलेली अपस्मारी, म्हणजे फिटची, व्याधी, पाठीच्या कण्याचा तीव्र बाक, ठिसूळ हाडे, घोड्याच्या केसांची ॲलर्जी, ही यादीही दारातच विचारायची असते. जे केंद्र कोणालाच नकार देत नाही, तिथे मी माझ्या नात्यातले मूल पाठवणार नाही.

जागेविषयी माझे मत बहुतेकांना पटत नाही. केंद्र म्हटले की डोळ्यांपुढे थंड हवेचे ठिकाण येते. पण आठवड्यातून दोनदा, सलग बारा आठवडे, दहा वर्षांचे मूल उचलून एसटीने घाट चढणारी आई डोळ्यांपुढे आणा. ती रोजंदारीवर असेल तर प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला खाडा. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या-शाळांतून मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे मुलाची नोंद असते, भौतिकोपचार अपेक्षित असतो, अस्थितज्ज्ञ जवळ असतो. घोड्यांचे केंद्र याच्या आसपास, बसस्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर असावे, आणि मुले तिथूनच चिठ्ठी घेऊन यावीत. म्हणजे घोडा रोजच्या व्यायामाच्या जागी येणार नाही, त्याच्या जोडीला येईल. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने मान्य केलेल्या अपंगत्वांची संख्या एकवीस आहे. त्या सगळ्यांना घोडा उपयोगी आहे असे सांगणारा भेटला तर सावध व्हावे.

बाकी बांधकाम फारसे नाही. वीस बाय चाळीस मीटरचे सपाट, मऊ मातीचे, कुंपण घातलेले रिंगण. पाऊस आणि उन्हासाठी वर पत्रा. व्हीलचेअर घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत नेणारा उतार. मुलांच्या मापाची शिरस्त्राणे. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून माणसांच्या आणि घोड्यांच्या दोघांच्याही लसी वेळेवर हव्यात. ग्लँडर्सची रक्ततपासणी टाळता येत नाही. हा रोग माणसालाही होतो, आणि तो निघाला तर घोड्याला मरण द्यावे लागते. मुलांना त्याचे काय सांगायचे याचाही विचार संचालकांनी आधीच करून ठेवावा.

पैशाचा हिशेब इमारतीत फसत नाही, दाण्या-चाऱ्यात फसतो. घोड्याला त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो. अडीचशे किलोच्या तट्टाला पाच किलो, तीन तट्टांना पंधरा. वर्षाचा सुमारे साडेपाच टन. सुट्टीत मुले येत नाहीत म्हणून घोडा उपाशी राहू शकत नाही. देणग्या उद्‌घाटनाला येतात, चारा मात्र रोज लागतो. आणि तट्टू पंचवीस-तीस वर्षे जगते; या कामाचा शांतपणा त्याच्यात आठ-दहा वर्षांचे झाल्यावर येतो, विशीत त्याचे सांधे धरतात. म्हणजे काम संपल्यावरची पाच-सात वर्षे त्याला पोसायचे असते. मी पाहिलेल्या प्रकल्प-अहवालांत या वर्षांसाठी एकही ओळ नव्हती. माझ्या कच्च्या आराखड्यात रिंगणाला लागून एक एकर कुरण त्यासाठी राखून ठेवले आहे, आणि जागेची निवड करताना आधी ते मिळते का हे पाहावे असे मी सुचवतो.